लोखंडकामाची हत्यारं लाकडाला: काय चालतं, काय नाही?

लाकूडवेडा (रविवार, सकाळी १०:४०)

नमस्कार मंडळी,

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात ३४ वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतर त्यांनी धायरीच्या घरामागे पत्र्याची शेड घातली आणि एकेक वस्तू जमवत स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. छोटा बेंच लेथ (वस्तू फिरवत ठेवून कातायचं यंत्र), १३ मिमी चकचं ड्रिल मशीन, सहा इंची बेंच ग्राइंडर, चार इंची हातग्राइंडर, चार इंची व्हाइस. शिवाय एक ट्रंक भरून कानशी, टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं), व्हर्निअर, डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र), कॉम्बिनेशन गुण्या. आता गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, त्यामुळे शेड बरीचशी बंदच असते.

मला वेड लाकडाचं. पेठेत एक वाडा उतरवला तेव्हा सागवानी चौकटी मिळाल्या, त्यातून मागच्या वर्षी देवघर केलं. रंधा, पटाशी, करवत, एवढ्यावरच. आता आईला लाटणं हवंय, मला स्टुलं करायचीत. लाकडासाठी वेगळी मशिनं घेण्याइतके पैसे नाहीत आणि जागाही नाही.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "लेथवर लाकूड नको, बेड खराब होतो." पुढे काही बोलले नाहीत. त्यांची मशिनं बिघडवायची नाहीत, पण ती नुसती पडून राहिलेलीही बघवत नाहीत. तर विचारायचं असं:

लेथवर लाकूड घ्यावं का? ड्रिल मशीनमध्ये राउटर बिट (लाकडात खाच, नक्षी कोरणारं) लावता येतं का? हातग्राइंडरला लाकडाचं पातं बसवलं तर? आणि ट्रंकेतलं आणखी काय काय लाकडाला उपयोगी पडेल?

भोसरीकर (रविवार, ११:०५)

पहिल्याचं उत्तर हो, पण काळजीने. दुसऱ्याचं नाही. तिसऱ्याचं अजिबात नाही. कामावरून आलो की सविस्तर लिहितो.

सुतारपक्षी (रविवार, ११:३०)

तिसऱ्याबद्दल मी आत्ताच लिहिते, कारण उद्यापर्यंत तुम्ही पातं आणाल अशी मला भीती वाटते.

चार वर्षांपूर्वी मी चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावलं होतं. निलगिरीची फळी, एक छोटी खाच वाढवायची होती, दोन मिनिटांचं काम. पातं खाचेत थोडं तिरकं झालं आणि ग्राइंडर हातातून उसळला. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी सात टाके. नशिबाने शीर वाचली. अंगठा आजही थंडीत आखडतो.

कारण साधं आहे. ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. घासायची चकती जरा अडली तरी झिजते आणि सुटते. दातेरी पातं लाकडात अडलं की झिजत नाही, ते लाकूड धरतं आणि सगळी ताकद उलट तुमच्याकडे येते. ग्राइंडरला टेकवायला पाट नाही, खोली ठरवायची सोय नाही, आणि मोठं पातं बसावं म्हणून लोक गार्डही काढून टाकतात. चेनसॉची साखळी बसवलेल्या चकत्या मिळतात, त्या तर याहून वाईट.

ग्राइंडर मी टाकून दिलेला नाही. त्यावर सँडिंगची फ्लॅप डिस्क लावते, ६० किंवा ८० नंबरची. खुर्चीची बैठक खोलगट करायला त्यासारखं दुसरं काही नाही. दोन्ही हात मुठीवर, गार्ड जागेवर, डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क.

नवशिका (रविवार, ११:४८)

ताई, पण साइटवरचे सगळे सुतार छोट्या कटरला लाकडाचं पातं लावूनच प्लाय कापतात की.

सुतारपक्षी (रविवार, १२:१०)

ते मार्बल कटरवर लावतात, हातग्राइंडरवर नाही. मार्बल कटरला खाली सपाट पाट असतो, तो फळीवर टेकतो, त्यामुळे पातं तिरकं होत नाही आणि किती खोल जायचं ते ठरवता येतं. तरीही तो दगडासाठी केलेला आहे, त्याचा वेग फार असतो. पात्यावर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो कटरच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना हे बघूनच घ्या. सुतारांचा हात वर्षानुवर्षं बसलेला असतो. आणि त्यांच्यातल्या कितीजणांची दहाही बोटं शाबूत आहेत ते कधी नीट बघा.

फिटर ८२ (रविवार, दुपारी ४:२०)

तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. पण ते का म्हणाले ते समजून घ्या, म्हणजे त्यातून वाट निघते.

लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या सरळ लोखंडी पट्ट्यांवर, तेलाचा पातळ थर असतो. लोखंडाची ढलपी जड असते, खाली ट्रेमध्ये पडते. लाकडाचा भुसा हलका, तो उडून बेडवर बसतो आणि तेल पिऊन घेतो. दोन दिवसांत त्याची लगदा-पेस्ट होते. ती सॅडलखाली (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) गेली की बेडला घासत राहते. शिवाय भुसा हवेतला ओलावा धरून ठेवतो. पावसाळ्यात ताज्या भुशाखाली बेड एका रात्रीत तांबूस झालेला मी पाहिलाय. टर्नर माणसाला बेडवरचा गंज म्हणजे स्वतःच्या अंगावरचा फोड.

म्हणून लाकूड घ्यायच्या दिवशी पद्धत अशी ठेवा. आधी बेडवरचं तेल रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसून काढा आणि त्याजागी साधं मेण घासा. मेण भुसा धरत नाही. फीड आणि लीडस्क्रू, म्हणजे हत्यार आपोआप पुढे सरकवणारी यंत्रणा, सोडवून ठेवा. काम झालं की आधी व्हॅक्यूम, मग ब्रश, मग रॉकेल, मग ताजं तेल. हवा मारू नका, हवेने भुसा सॅडलच्या आत जातो. कितीही उशीर झाला तरी ही सफाई त्याच दिवशी करायची. मोटरही बघा. बंद बॉडीची, मागे पंखा असलेली असेल तर ठीक. उघड्या जाळीची असेल तर ती भुसा आत ओढते.

आता वेग. लाकडाच्या कातकामाचा जुना ठोकताळा असा, की व्यास इंचांत आणि आरपीएम यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान यावा. म्हणजे चार इंची वाटीला १,५०० ते २,२५० आरपीएम. तुमचा बेंच लेथ बहुधा तेवढा पळणार नाही. पळवायचा म्हणून पुली बदलू नका. स्पिंडलला पितळी बुश असतील तर जास्त वेगाने ते तापून धरतात. कमी वेगातही लाकूड कातता येतं, फक्त टूल वस्तऱ्यासारखं धारदार हवं आणि फीड बारीक. शेवटी पॉलिश पेपर.

एक शेवटचं, आणि हे फार महत्त्वाचं. जुनी कानस घासून तिचं कातायचं हत्यार करू नका. कानस काचेसारखी ठिसूळ असते. टूलरेस्टवर लाकडाने तिला पकडलं की मधोमध तुटते आणि तुकडा तोंडाच्या उंचीवर येतो.

भोसरीकर (रविवार, रात्री ९:१५)

काकांनी लेथचं सगळं सांगितलंच. मी ड्रिल मशीनबद्दल लिहितो. आमचं जॉबवर्कचं शेड आहे, ड्रिलवर रोज हात असतो.

ड्रिल मशीनचा चक (बिट धरणारा जबडा) स्पिंडलला टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, नुसता दाबून बसवलेला असतो. भोक पाडताना जोर खालून वर येतो, त्यामुळे टेपर आणखी घट्ट होतो. राउटर बिट किंवा एंडमिल लावून फळी बाजूने सरकवली की जोर आडवा येतो आणि थरथर सुरू होते. टेपर सुटतो, आणि फिरता चक बिटासकट खाली पडतो. मिलिंग मशीनमध्ये हे होत नाही कारण तिथे टूल वरून ड्रॉबारने ओढून धरलेलं असतं. वेगाचाही प्रश्न आहे. राउटर १०,००० च्या पुढे पळतो, ड्रिल ३,००० लाही पोचलं तर पुष्कळ. त्या वेगाला राउटर बिट कापत नाही, तंतू उपटतं.

पण ड्रिल मशीन लाकडाला फार उपयोगी आहे. बिजागरीची ३५ मिमीची वाटी हातड्रिलने कधी सरळ जात नाही. ड्रिल मशीनवर फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारं), ५०० आरपीएमच्या आसपास, डेप्थ स्टॉप साडेबारा मिमीला, की सगळ्या दारांच्या वाट्या सारख्या. त्यासाठी लोखंडी टेबलावर १८ मिमी प्लायचं मोठं टेबल बोल्टने बसवा, मागे सरळ पट्टीचं कुंपण लावा, आणि मधे चौकोनी खाच करून त्यात बदलता येणारा लाकडी तुकडा ठेवा. भोक आरपार जाताना खालून फळी फाटत नाही.

डोंगरवाट (रविवार, ९:४०)

भोसरीकर, मी दहा वर्षं ड्रिल मशीनमध्ये सँडिंगचा ड्रम लावतोय. तोही आडवाच जोर. एकदाही चक पडला नाही.

भोसरीकर (रविवार, १०:०२)

ड्रमला दात नसतात, त्यामुळे तो लाकडाला पकडत नाही. हात हलका ठेवला तर चालतं, हे मान्य. तरी आठवड्यातून एकदा चक काढून टेपर कोरड्या फडक्याने पुसून परत बसवत जा. तिथे तेल लागलं असेल तर तो कधी ना कधी सुटणार.

डोंगरवाट (रविवार, १०:१०)

हे कधी केलं नव्हतं. उद्या करतो.

कसब्यातला (सोमवार, सकाळी ८:३०)

जरा उलट्या बाजूने लिहितो. आमच्या शेजारी तांबट आळी. लहानपणापासून मठारकामाच्या ठोक्यांत वाढलो. तांब्याच्या घंगाळ्यावर जे चमकदार ठोके दिसतात, त्याची निम्मी कमाल हातोड्याच्या तोंडात असते. तोंड आरशासारखं घासलेलं असतं. त्यावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्यागणिक भांड्यावर उमटतो. आणि भांड्याला आकार द्यायला पुष्कळदा लाकडी मोगरी लागते. म्हणजे धातूच्या कामात लाकडाचं हत्यार हे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली. माझ्या साध्या हातोडीचं तोंड ४०० ते १,२०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं आणि कडा किंचित गोल केल्या. आता खिळा ठोकताना शेवटचा ठोका फळीवर पडला तरी चंद्रकोर उमटत नाही.

तुमच्याकडे लेथ आहे, तर पितळी सळईचा छोटा हातोडा कातून घ्या. रंध्याचं पातं मागेपुढे करायला त्याचा फार उपयोग होतो, लोखंडासारखे पात्यावर वार पडत नाहीत. तांब्याच्या १५ मिमी पाइपचे तुकडे कापून पटाशीच्या मुठीला कडी करा. मूठ फुटणं थांबेल.

अचूक (सोमवार, १०:००)

डायल विसरू नका. सर्क्युलर सॉचं टेबल असेल तर पातं टेबलावरच्या लांब खाचेला समांतर आहे का ते डायलने बघा. पात्याच्या एकाच दातावर खूण करा, तो दात पुढे आणि मागे फिरवून दोन्हीकडे मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत आणला की लाकूड जळणं बंद होतं. टेबल ॲल्युमिनियमचं असलं तर मॅग्नेटिक स्टँड चिकटणार नाही, तेव्हा डायल एका लाकडी ठोकळ्याला एम ६ बोल्टने लावा आणि ठोकळा खाचेत सरकवा.

सागवान (सोमवार, १०:२०)

लाकडात ०.१ मिमी कसलं बघायचं? आपल्याकडे ३०० मिमी रुंद सागवानी फळीतला ओलावा पावसाळ्यात ४ टक्क्यांनी वाढला तर ती दोन मिमी फुगते. आणि साग त्यातल्या त्यात शांत लाकूड. माझे आजोबा दोरी आणि गुण्यावर दारं करायचे, ती अजून लागतात.

अचूक (सोमवार, १०:४५)

फळी फुगते हे खरंच. पण ती जोडासकट फुगते. पातं तिरकं असेल तर प्रत्येक तुकडा त्याच बाजूला तिरका निघतो आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांत ती चूक चौपट होते. लाकडाला मोकळीक द्यायची, मशिनला नाही. आजोबांची करवत डोळ्यासमोर चालायची, चुकली तर ते लगेच वळवायचे. मशिन आपण होऊन वळत नाही.

सागवान (सोमवार, ११:००)

हे पटलं. तरी फळीच्या रुंदीवर व्हर्निअर लावणाऱ्याचं मला नवल वाटतं. जोडाची कूस मोजायला मात्र मीही तोच काढतो.

पाऊसवेळा (सोमवार, दुपारी १:१५)

एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते. लोखंडाचा कीस आणि लाकूड एका टेबलावर आणू नका.

मी बाभळीचा चौरंग केला होता. त्याच टेबलावर आदल्या दिवशी नवऱ्याने गेटची कडी घासली होती. टेबल झाडलं होतं, स्वच्छ दिसत होतं. चौरंग ओल्या फडक्याने पुसून वाळत ठेवला, सकाळी बघते तर वरच्या पाटावर निळसर काळे ठिपके, मोहरीएवढे, शंभरेक. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. त्यात लोखंडाचा कण आणि पाणी मिळालं की शाईच तयार होते. खैराचंही तेच.

घासून गेले नाहीत, आत उतरले होते. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट द्रावण ब्रशने लावलं आणि वीस मिनिटांत डोळ्यांदेखत ठिपके विरत गेले. ते विषारी असतं, हातमोजे घालूनच करा, नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा, आणि वाळल्यावर घासताना मास्क लावा.

भोसरीकर (सोमवार, १:४०)

याला जोडून ठिणग्यांचं. शेडमध्ये एकदा पोराने भुशाच्या पिशवीपासून सहा फुटांवर अँगल घासला. तेव्हा काहीच दिसलं नाही. दोन तासांनी शेड बंद करताना वास आला म्हणून परत फिरलो, तर पिशवीच्या आत निखारा धुमसत होता. भुसा पेट घेण्याआधी खूप वेळ आतल्या आत जळतो. तेव्हापासून ग्राइंडिंगचा दिवस वेगळा, लाकडाचा दिवस वेगळा, आणि मधे झाडलोट. भुसा ओढायच्या व्हॅक्यूमने घासकामाचा कीस कधीही ओढायचा नाही.

नवशिका (सोमवार, ३:३०)

जुन्या बाजारात रविवारी जुन्या कानशी आणि हॅकसॉची मोठी पाती वजनावर मिळाली. काकांनी कानशीचं हत्यार नको म्हटलंय. मग त्यांचं काहीच होत नाही का?

फिटर ८२ (सोमवार, ४:५०)

होतं की. मी कातायचं हत्यार नको म्हटलं. आखणीची सुरी आणि खरवडा करायला कानस उत्तम.

कानशीत एक टक्क्याहून जास्त कार्बन असतो आणि तिला पूर्ण पाणी दिलेलं (तापवून एकदम थंड करून कडक केलेलं) असतं, म्हणून ठिसूळ. दोन्ही बाजूंचे दात मुळापासून घासून काढा, कारण भेग तिथूनच सुरू होते. मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर दीड-दोन तास ठेवा आणि आतच निवू द्या. घासलेल्या भागावर फिकट गवती रंग आला पाहिजे. निळा आला तर जास्त झालं, धार टिकणार नाही. एवढं करूनही तिच्यावर हातोडा मारायचा नाही.

पॉवर हॅकसॉचं जाड पातं पूर्ण एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) असेल तर त्याला हे काही लागत नाही. ग्राइंडरवर निळं झालं तरी त्याचं पाणी उतरत नाही. फक्त तापलेलं असताना पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. पटाशीचं याच्या उलट. ती साध्या कार्बनच्या पोलादाची असते, दर दोन-तीन घासांना पाण्यात बुडवा. धार निळी पडली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तो घासून टाकावाच लागतो. बेंच ग्राइंडरचं करडं चाक काढून पांढरं ६० किंवा ८० नंबरचं लावा, ते कमी तापवतं.

नवशिका (सोमवार, ५:१०)

आईने आत्ताच ओव्हनवर चिठ्ठी लावली: "आधी केक."

सुतारपक्षी (सोमवार, ५:१५)

आईंचं बरोबर आहे. कानस आधी साबणाने धुवा, नाहीतर पुढचे चार केक मशीन ऑइलच्या वासाचे होतील.

डोंगरवाट (सोमवार, रात्री ८:००)

व्हाइसबद्दल कुणी बोललं नाही. लोखंडी जबड्यांवर जाळी असते, ती सागवानावर कायमची उमटते. १८ मिमी प्लायचे दोन तुकडे जबड्याच्या मापाचे कापा, मागे जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक खाच करून बसवा, पुढे चामडं चिकटवा. लोखंडकाम करायचं तेव्हा हाताने ओढून काढता येतात.

फिटर ८२ (सोमवार, ८:२५)

आणि उंची बघा. आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात: हनुवटीखाली मूठ धरली की कोपर व्हाइसच्या जबड्यावर टेकलं पाहिजे. कानस मारायला ती उंची बरोबर. पण त्या उंचीवर रंधा मारला तर खांदा भरून येतो, कारण रंध्याला अंगाचा भार वरून द्यावा लागतो. रंध्याचं टेबल मनगटाच्या आसपास हवं. वडिलांचा व्हाइस आहे तिथेच राहू द्या, बारीक जोडकामाला आणि करवतीला तो छान. रंध्यासाठी वेगळं खालचं टेबल करा.

अचूक (सोमवार, ९:००)

टॅप राहिले. टणक लाकडात लोखंडाचा टॅप छान चालतो. आटे जितके जाड तितकं बरं. एम ८ ला लोखंडात ६.८ चं भोक पाडतो, लाकडात साडेसहाचं पाडा. टॅप हळू फिरवा, भुसा काढत राहा. एकदा आटे पाडले की त्यात पातळ इन्स्टंट ग्लूचे थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, आणि परत टॅप फिरवा. शिसममध्ये असे केलेले आटे माझ्या जिगमध्ये पाच वर्षं टिकलेत. प्लायच्या कडेत आणि मऊ लाकडात करू नका, सुटतात.

कसब्यातला (सोमवार, ९:३०)

लाकूडवेडा, तुमच्या वाड्याच्या चौकटीत खिळे असतील. जुने, हाताने घडवलेले, चौकोनी. डोकं तुटून आत राहिलेले डोळ्याला दिसत नाहीत. स्पीकरचा जुना चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, खिळ्यावर आला की ओढला जातो. काढायला ८ किंवा १० मिमीच्या पोलादी नळीच्या तोंडाला त्रिकोणी कानशीने दात पाडा आणि ती ड्रिलमध्ये लावून खिळ्याभोवती गोल कापत न्या. खिळा लाकडाच्या गाभ्यासकट बाहेर येतो. भोकात त्याच सागवानाची गुल्ली बसवा, रेषा जुळवून.

लाकूडवेडा (शनिवार, संध्याकाळी ७:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर थांबून लिहितोय कारण करून बघायचं होतं.

ग्राइंडरचं पातं आणलं नाही. सुतारपक्षीताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, तिने फ्लॅप डिस्कच मागवली. कसब्यातल्यांच्या चुंबकाने एका चौकटीत अकरा खिळे सापडले. त्यातला एक माझ्या करवतीच्या रेषेवर बरोबर मधे होता.

आणि लेथ. फिटर काकांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते ऐकत होते. "अंगावरचा फोड" पर्यंत आलो तेव्हा म्हणाले, "हा माणूस लेथवर उभा राहिलेला आहे." सकाळी उठून स्वतः शेडमध्ये आले, खुर्ची घेऊन बसले, आणि बेड त्यांनीच रॉकेलने पुसला. मला हात लावू दिला नाही.

लाटणं केलं. जुन्या सागवानात खिळा-रंग काय असेल या भीतीने शिसमचा नवा तुकडा घेतला. लांबी ३०० मिमी, मधे ३४, टोकांना २६. मी हाताने उतार काढणार होतो. बाबा म्हणाले, टेलस्टॉक (लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार) सरकव. त्यांनी पेन्सिलने वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं: व्यासांतला फरक ८, त्याचं अर्धं ४, पण उतार १५० मिमीत आणि दोन्ही टोकांचे जास्तीचे धरून पूर्ण लांबी ३४०, म्हणून ४ गुणिले ३४० भागिले १५०, म्हणजे टेलस्टॉक साधारण ९ मिमी बाजूला. अर्धं लाटणं कातलं, मग फिरवून दुसरं टोक लावलं आणि त्याच सेटिंगवर उरलेलं अर्धं. मधली जाड रेघ बरोबर दोन्हीकडून मिळाली. स्थिर सेंटर लाकूड जाळेल म्हणून फिरतं सेंटर लावायला त्यांनीच सांगितलं. दोन्ही टोकांना २० मिमी जास्त ठेवून नंतर कापलं, म्हणजे सेंटरच्या खुणा गेल्या.

टूल एचएसएसचं, बाबांनी घासलेलं, वरचा उतार लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त. भुशाऐवजी लांब नागमोडी ढलप्या निघत होत्या. सफाईला कातकामापेक्षा जास्त वेळ लागला.

आता एक प्रश्न. लाटण्याला तेल लावायचं का? आई खोबरेल म्हणतेय.

पाऊसवेळा (शनिवार, ७:३०)

खोबरेल सुकत नाही, पीठ चिकटेल आणि पुढे खवट वास येईल. रोज वापरातलं लाटणं कोरडंच बरं. ओल्या फडक्याने पुसा, तंतू उभे राहतील, वाळल्यावर ४०० च्या पेपरने हलकं घासा, असं दोनदा करा. आणि हो, लोखंडी कीस असलेल्या टेबलावर नको.

फिटर ८२ (शनिवार, ८:०५)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी कोणत्या खात्यात काम केलं ते विचाराल का? आणि सफाईनंतर बेडला कोणतं तेल लावलं?

लाकूडवेडा (शनिवार, ८:४०)

टूलरूममध्ये होते. तेल स्लाइडवेचं, त्यांच्या जुन्या डब्यातलं. उद्या पोळपाट घ्यायचा म्हणतायत, फेसप्लेटवर (लाकूड बसवायची लेथची गोल तबकडी). नऊ इंची बसेल का ते बघायला आत्ता टॉर्च घेऊन शेडमध्ये गेलेत.